तारुण्यपिटिका, पाठीवरील व धडावरील

केसाच्या मुळाभोवती असलेल्या नलिकेसारख्या पिशवीला केशपुटक म्हणतात. या पुटकात उघडणारी ग्रंथी जो तेलकट पदार्थ स्रवते, त्याला त्वक्-स्नेह असे नाव आहे. पुटकाचे तोंड बुजून त्वक्-स्नेह आत साचला व त्याभोवती दाहयुक्त सूज आली म्हणजे जी पुळी तयार होते, तिला तारुण्यपिटिका किंवा मुरूम म्हणतात. या ग्रंथी चेहरा, छाती, खांदे व पाठीचा वरचा भाग येथे मोठ्या व दाट असतात. त्यामुळे हा विकार याच भागांत उद्‌भवतो आणि तळहात व तळपाय, जेथे केशपुटके नसतात, तेथे तो कधीही होत नाही. चेहऱ्यावर मुरूम असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींच्या धडावरही ते असतात. असे असूनही वैद्यकाच्या इतिहासात हा विकार दीर्घकाळ केवळ चेहऱ्याचा मानला गेला. पाठीवरील विकार कपड्याखाली झाकलेला राहिला व ग्रंथांतही त्याला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. त्याचे परिणाम उपचारांवर आजही दिसून येतात. [→ त्वचा].

प्राचीन वर्णने : सुश्रुतसंहितेत ४४ क्षुद्ररोगांमध्ये या विकाराचा समावेश आहे. तेथे त्याला मुखदूषिका व यौवनपिडका अशी नावे असून तरुणांच्या मुखावर सावरीच्या (शाल्मलीच्या) काट्यांसारख्या येणाऱ्या या पुळ्या कफ, वात व रक्त यांच्या दुष्टीमुळे होतात, असे सांगितले आहे. वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप हे त्यावरील उपचार होत. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात याच पुळ्यांना मेदोगर्भ, म्हणजे आत मेद असलेल्या, असे विशेषण दिले आहे. पुळीच्या आत स्निग्ध द्रव्य असते, हे निरीक्षण आधुनिक शरीररचनाशास्त्राच्या कितीतरी शतके आधीचे असल्याने उल्लेखनीय ठरते. त्याच ठिकाणी वाग्भटाने राजिका नावाचा आणखी एक विकार वर्णिला आहे. ऊन व घाम यांनी व्यापलेल्या अंगावर मोहरीएवढ्या पुळ्या येतात, त्या राजिका होत. घामोळ्यांशी हे वर्णन जुळते. म्हणजे चेहऱ्यावरील ती मुखदूषिका व घामेजल्या अंगावरील ती राजिका, अशी विभागणी झाली. पाठीवर येणारी खरी तारुण्यपिटिका मात्र या दोन नावांच्या मधल्या जागेत राहून गेली.

अष्टांगहृदय हा ग्रंथ दख्खनमध्ये अभ्यासिला जात असे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री (तेरावे शतक) याने त्यावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. देवगिरी हे स्थान आजच्या जालना जिल्ह्याच्या पश्चिमेस लगतच्या जिल्ह्यात आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशातही मुखदूषिका हेच नाव कायम असून सावरीचे काटे दुधात वाटून मुखास लावावेत, असा उपाय आहे. यूनानी वैद्यकात या पुळ्यांना दुधासारख्या पांढऱ्या स्रावावरून बुसूर-ए-लबनिया म्हणतात. बोलभाषेतील मुहाँसा हा शब्द मात्र मुँह म्हणजे तोंड यावरूनच आला आहे. अशा रीतीने संस्कृत व हिंदी-उर्दू या दोन्ही परंपरांत रोगाचे नावच चेहऱ्याशी बांधले गेले.

पाश्चात्त्य परंपरेत रोमन लेखक सेल्सस (पहिले शतक) याने मुरुमांवर उपचार करणे जवळजवळ निरर्थक असल्याचे म्हटले आहे. केवळ स्त्रियांच्या सौंदर्यदृष्टीमुळे ते करावे लागतात, असे त्याचे मत होते. ॲक्ने ही संज्ञा सहाव्या शतकातील बायझंटिन वैद्य एटियस याच्या ग्रंथात आढळते. ती शिखर किंवा ऐन बहर या अर्थाच्या ॲक्मे या ग्रीक शब्दाचे रूप असावे, असे सामान्यतः मानतात. हा विकार क्षुल्लक व केवळ सौंदर्याशी संबंधित आहे, ही सेल्ससची समजूत पुढे अनेक शतके टिकली.

शरीररचना व सूक्ष्मजंतू : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडन येथील विलन व त्यांचे शिष्य बेटमन यांनी त्वचाविकारांचे वर्गीकरण पुरळाच्या दृश्य स्वरूपावरून केले व त्यात ॲक्नेचे प्रकार वेगळे मांडले. १८४० मध्ये फुक्स या जर्मन वैद्याने ॲक्ने व्हल्गॅरिस ही आज रूढ असलेली संज्ञा योजिली. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केशपुटक व त्याची ग्रंथी यांची रचना स्पष्ट झाल्यावर विकाराचे मूळ पुटकात आहे, हे ध्यानात आले. पुटकाचे तोंड बुजविणाऱ्या बुचास कोमेडो म्हणतात. त्याचे टोक काळे दिसते, ते मळामुळे नव्हे, तर त्वचेतील मेलॅनीन या रंगद्रव्यामुळे व साचलेल्या द्रव्याचा हवेशी संपर्क येऊन होणाऱ्या बदलांमुळे. १८९६ मध्ये उन्ना यांनी कोमेडोत एक दंडाकार सूक्ष्मजंतू दाखविला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिलख्रिस्ट यांनी त्यास बॅसिलस ॲक्नेस असे नाव दिले. १९४६ पासून तो प्रोपिओनिबॅक्टिरियम ॲक्नेस या नावाने व २०१६ पासून क्युटिबॅक्टिरियम ॲक्नेस या नावाने ओळखला जातो. हा सूक्ष्मजंतू निरोगी त्वचेवरही असतो. म्हणून त्याचे केवळ अस्तित्व हे रोगाचे कारण ठरत नाही.

मळ व घर्षण यांविषयीची समजूत : काळ्या टोकामुळे मुरूम अस्वच्छतेपासून होतात, हा समज सर्वत्र दृढ झाला. अंग घासून स्वच्छ करण्याची परंपरा दख्खनमध्ये फार जुनी आहे. सातवाहनकालीन वसाहतींच्या उत्खननांत अंग घासण्याच्या भाजक्या मातीच्या वज्र्या सापडल्या आहेत. अभ्यंगस्नान, उटणे व डाळीचे पीठ ही तिचीच घरगुती रूपे होत. निरोगी त्वचेला त्यापासून अपाय नाही. परंतु दाह झालेल्या पुळ्यांवर वज्री, काथ्या किंवा खरखरीत ब्रश घासल्याने पुटकाची भित्ती फुटते, साचलेले द्रव्य भोवतालच्या ऊतकात पसरते आणि सूज वाढते. मळ हे कारण मानल्याचा दुसरा परिणाम सामाजिक आहे. रोगी मुलगा वा मुलगी नीट आंघोळ करीत नाही, असा दोष तिच्यावर येतो. अंगातील उष्णता, मनातील विकार, लग्न झाल्यावर पुळ्या आपोआप जातात ही समजूत, हे सर्व याच प्रकारचे दोषारोप होत. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यही लैंगिक वर्तनाशी या विकाराचा संबंध जोडीत असत.

हॉर्मोनांचा शोध : या दोषारोपाला शास्त्रीय उत्तर १९४१ मध्ये मिळाले. अमेरिकन संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी दाखविले की, पौगंडावस्थेपूर्वी वृषणांचे कार्य नाहीसे झालेल्या पुरुषांना मुरूम येत नाहीत आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास ते येऊ शकतात. स्त्री व पुरुष या दोघांच्याही शरीरात पौगंडावस्थेत पौरुषजन हॉर्मोनांचे प्रमाण वाढते. त्यामुळे त्वक्-स्नेह ग्रंथी मोठ्या होऊन अधिक स्राव करतात. आज विकाराची चार अंगे मानली जातात : (१) त्वक्-स्नेहाचे आधिक्य, (२) पुटकाच्या मुखाशी मृत कोशिका एकमेकींस चिकटून साचणे, (३) सूक्ष्मजंतूंचे कार्य व (४) दाह. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. चेहरा कितीही वेळा धुतला, तरी यांपैकी एकही अंग नाहीसे होत नाही. [→ हॉर्मोने].

आहाराविषयीचे मत दोनदा पालटले. १९६९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात चॉकोलेटाचा मुरुमांवर परिणाम आढळला नाही व त्यावरून आहाराचा काहीच संबंध नाही, असे मानले जाऊ लागले. पुढे त्या प्रयोगाच्या पद्धतीवर टीका झाली. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात केलेल्या चाचणीत रक्तशर्करा त्वरेने वाढविणारे पदार्थ कमी केल्यावर तरुणांचे मुरूम कमी झाले. दूध व विशेषतः व्यायामशाळांत घेतली जाणारी दूध-प्रथिनांची चूर्णे यांचाही काहींच्या बाबतीत संबंध दिसतो. मात्र आहार हे साहाय्यक कारण आहे, एकमेव नव्हे.

पाठीची दखल : धडावरील विकाराकडे वैद्यकाचे लक्ष प्रथम सौंदर्याच्या नव्हे, तर युद्धाच्या निमित्ताने वेधले गेले. दुसऱ्या महायुद्धात अतिपूर्वेतील उष्ण व दमट प्रदेशांत गेलेल्या गोऱ्या सैनिकांच्या पाठीवर, नितंबांवर व मांड्यांवर मोठ्या पुवाळलेल्या गाठी येऊ लागल्या. पुढे व्हिएटनाम युद्धातही हेच दिसून आले. यास उष्ण कटिबंधीय ॲक्ने असे नाव मिळाले. अशा सैनिकांना थंड प्रदेशात परत पाठविणे हाच त्या काळी परिणामकारक उपाय ठरे. १९७० मध्ये केसांना लावलेल्या तेलकट प्रसाधनांमुळे होणारा प्रकार आणि १९७५ मध्ये दाब, घर्षण व घाम यांमुळे होणारा यांत्रिक प्रकार वर्णिला गेला. क्लोरीनयुक्त संयुगांमुळे कारखान्यांतील कामगारांना होणारा प्रकार त्यापूर्वीच, १८९९ मध्ये, हेर्क्सहायमर यांनी नोंदविला होता. खनिज तेलाने भिजलेल्या कपड्यांखाली होणाऱ्या पुटकशोथाचीही नोंद झाली.

मोजमापाच्या पद्धतीतही पाठीचा समावेश उशिरा झाला. इंग्लंडमधील लीड्झ येथील बर्क व कन्लिफ यांनी १९८४ मध्ये चेहरा, छाती व पाठ यांची स्वतंत्र श्रेणी ठरविणारी पद्धत प्रसिद्ध केली. १९९७ मधील दोशी, झहीर व स्टिलर यांच्या पद्धतीत शरीराचे सहा भाग केलेले असून कपाळ व दोन्ही गाल यांना प्रत्येकी २, नाक व हनुवटी यांना प्रत्येकी १, तर छाती व पाठीचा वरचा भाग यांना मिळून ३ असा गुणक आहे. ज्या भागाला शतकानुशतके नावही नव्हते, त्याला क्षेत्रफळ व ग्रंथींची संख्या यांच्या आधारे सर्वांत मोठा गुणक मिळाला. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रायफॅरोटीन हे मलम चेहऱ्याबरोबरच धडावरही मोठ्या चाचण्यांत तपासले गेले होते.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून अस्तित्वात आला. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथे वैद्य, हकीम व पाश्चात्त्य पद्धतीचे डॉक्टर या तिन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये निघाले. जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्वचारोगांच्या क्षेत्रात भारतात दीर्घकाळ कुष्ठरोग व गुप्तरोग यांना अग्रक्रम मिळणे स्वाभाविक होते. मुंबईहून १९३५ मध्ये निघालेल्या या विषयाच्या भारतीय नियतकालिकाच्या मूळ नावात गुप्तरोगांचा उल्लेख होता. अशा स्थितीत पाठीवरील पुळ्यांसाठी दवाखान्यात जाण्याची प्रथा पडली नाही.

वस्तुतः पाठीवरील विकाराला पोषक अशी सर्व बाह्य कारणे या जिल्ह्यात आहेत. उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ४०° से. च्या वर जाते. कपाशी व मोसंबी यांच्या बागाईत शेतकरी फवारणीचा पंप तासन्‌तास पाठीवर वागवितो. त्याचे पट्टे खांद्यांवर व सपाट बाजू पाठीवर घासते आणि खाली घामाने भिजलेला सदरा असतो. मोंढ्यातील हमालाच्या मानेवर व पाठीवर पोत्याचे घर्षण होते. जालना शहर लोखंडी सळ्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. तेथील भट्ट्यांजवळ उष्णता, जाड कपडे व यंत्रांचे तेल ही तिन्ही एकत्र येतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाठीवरील दप्तर व डोक्यावरून मानेवर ओघळणारे खोबरेल यांचा विचार करावा लागतो. ही कारणे मुळात मुरूम होण्याची प्रवृत्ती असलेल्या त्वचेत विकार वाढवितात. नेमके याच लोकांना पाठ स्वतःला दिसत नाही व ती दुसऱ्याला दाखविण्याचा संकोच असतो.

निदान : पाठीवरील प्रत्येक पुळी ही तारुण्यपिटिका नसते. बुचे (कोमेडो) दिसणे हे तारुण्यपिटिकेचे मुख्य लक्षण होय. मॅलॅसेझिया या यीस्टवर्गीय कवकामुळे होणारा पुटकशोथ १९७३ मध्ये स्वतंत्र विकार म्हणून मांडला गेला. त्यातील पुळ्या एकसारख्या आकाराच्या व खाजणाऱ्या असून बुचे नसतात. प्रतिजैव औषधांनी तो बरा न होता वाढू शकतो. त्यावर कवकनाशक औषध द्यावे लागते. घामोळी बारीक, चुणचुणणारी व थंड हवेत नाहीशी होणारी असतात. केसतूड एकेकटे, मोठे व वेदनायुक्त असते. गजकर्णात कडा उठावदार असलेली वर्तुळे पडतात. अल्पावधीत छाती व पाठ एकाच स्वरूपाच्या पुळ्यांनी भरून गेल्यास स्टेरॉइड औषधे किंवा शरीर कमाविण्यासाठी घेतलेली हॉर्मोने यांची चौकशी करणे आवश्यक असते.

उपचारांचा विकास : एकोणिसाव्या शतकात गंधकाची मलमे हा प्रमुख उपाय होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत मुरुमांवर क्ष-किरण देत असत. त्यामुळे ग्रंथी आक्रसत. परंतु अनेक वर्षांनंतर अशा काही रोग्यांत त्वचेचा व अवटू ग्रंथीचा कर्करोग आढळून आल्याने ती पद्धत सोडून देण्यात आली. १९५० नंतर टेट्रासायक्लीन वर्गातील प्रतिजैव औषधे आली. १९६०–७० या दशकात बेंझॉइल पेरॉक्साइड व जीवनसत्त्व अ पासून मिळणारे ट्रेटिनॉइन यांचा वापर सुरू झाला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रतिजैव औषधांना न जुमानणारे सूक्ष्मजंतू आढळू लागले. म्हणून आज प्रतिजैव औषध एकटे व दीर्घकाळ न देता बेंझॉइल पेरॉक्साइडाच्या जोडीने व सामान्यतः तीन महिन्यांच्या मर्यादेत देतात. १९७९ मध्ये पेक व त्यांचे सहकारी यांनी तीव्र गाठींच्या विकारावर आयसोट्रेटिनॉइनचा गुण प्रसिद्ध केला आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. विकाराच्या चारही अंगांवर परिणाम करणारे हे एकमेव औषध होय. मात्र गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात, हे लवकरच उघड झाले. गर्भवती स्त्रीने ते कदापि घेऊ नये. उपचार चालू असताना व तो थांबल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे अनिवार्य असते.

पाठीची त्वचा जाड असते, क्षेत्र मोठे असते व तेथे स्वतःचा हात पोहोचत नाही. म्हणून चेहऱ्यावरील उपचार जसेच्या तसे पाठीला लागू पडत नाहीत. सौम्य विकारात बेंझॉइल पेरॉक्साइडयुक्त धावन आंघोळीच्या वेळी काही मिनिटे ठेवून धुऊन टाकतात. त्यामुळे कपडे व पंचा यांचा रंग उडतो, हे आधी सांगावे लागते. मध्यम विकारात मलमांबरोबर पोटातून औषधे व तीव्र विकारात आयसोट्रेटिनॉइन देतात. गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. पुष्कळ रोगी दोन आठवड्यांतच औषध सोडतात व ते निरुपयोगी ठरले, असे समजतात. सैल सुती कपडे, घाम आल्यावर लवकर आंघोळ, पंपाच्या पट्ट्याखाली मऊ कापडाची घडी व पुळ्या न फोडणे ही साधी पथ्ये उपचाराला पूरक असतात.

स्टेरॉइड मलमांचा गैरवापर : अलीकडच्या काळातील सर्वांत मोठी हानी औषधांच्या अभावाने नव्हे, तर अयोग्य औषधाने होत आहे. स्टेरॉइड, प्रतिजैव व कवकनाशक यांची मिश्र मलमे औषधविक्रेत्याकडून चिठ्ठीशिवाय घेऊन पुळ्या, गजकर्ण व वांग यांवर सरसकट लावली जातात. आरंभी लाली ओसरते. परंतु पुढे त्वचा पातळ होते, तिच्यावर रेषा उमटतात आणि मलम थांबविताच पुळ्या दुपटीने उठतात. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालविली आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावण्याची स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध घातले. ग्रामीण भागात हा निर्बंध किती पाळला जातो, यावरच त्याचे यश अवलंबून आहे.

परिणाम : हा विकार प्राणघातक नाही, म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही. सावळ्या त्वचेत पुळी बसल्यानंतर राहणारे काळे डाग अनेक महिने टिकतात. छाती, खांदे व पाठ येथे केलॉइड हे फुगीर, कठीण व खाजणारे वण निर्माण होण्याची प्रवृत्ती चेहऱ्यापेक्षा अधिक असते. ते एकदा झाले, म्हणजे पूर्णपणे घालविणे कठीण जाते. विहिरीवर वा नदीवर पोहण्यास न जाणे, खेळाच्या वेळी सदरा न काढणे, विवाहप्रसंगी मनात भीती बाळगणे अशा रीतीने रोगी हळूहळू लोकांपासून दूर होतो व क्वचित खिन्नताही जडते. वण होण्यापूर्वी उपचार सुरू करणे हाच यावरील खात्रीचा उपाय असून, त्यासाठी चेहऱ्यावर मुरूम असलेल्या प्रत्येक रोग्याची पाठ वैद्याने न विसरता पाहिली पाहिजे.